तेरा नंबर

सुआमेच्या गॅरेजात पहिले चार महिने
अब्रेफीला इंजिनाला हात लावू दिला नाही.
आईनं फी भरली होती,
जिनची बाटली उस्तादापुढे ठेवली होती,
आणि पोरगी नट धुतेय रॉकेलच्या डब्यात,
दात घासायच्या ब्रशनं.

"फिटर व्हायचंय? आधी झाडू शोध,"
द्वोमो उस्ताद गाडीखालून म्हणायचा.
त्याचा चेहरा तिला फारसा माहीतच नव्हता,
ओळख होती ती दोन चपलांशी.

दहा. बारा. सतरा.
चुकीचा पाना गेला की तसाच परत यायचा,
मातीवरून घसपटत, एक शब्दही न बोलता.
रात्री केंके खाताना बोटं आपोआप मापं घ्यायची:
बाटलीच्या बुचाचं, माशाच्या काट्याचं,
धाकट्या भावाच्या करंगळीचं. आठ.

परवा संध्याकाळी वीज गेली.
अख्खी गल्ली काळी, हातोडेही थबकले.
ट्रोट्रो व्हॅनखालून आवाज: "तेरा."
तिनं न बघताच पेटीत हात घातला.

पाना परत आला नाही.

बराच वेळ नुसती नटाची करकर.
मग चपला बाजूला सरकल्या,
हातभर, एक पोरगी मावेल एवढ्या.
"डोळ्यांत माती पडेल," तो म्हणाला,
"मिटून घे. आणि ये."