विषय क्रमांक सात

पंपाच्या खोलीमागे साडेचार फूट जागा.
सकाळी नऊ ते सव्वाअकरा ऊन.
पूर्वी दीडपर्यंत असायचं,
मग समोर तेवीस मजले उभे राहिले
आणि बाकीचं त्यांच्या वाट्याला गेलं.
एवढ्याशा उन्हात काय लावायचं,
हा विषय पत्रिकेत सातवा,
गळक्या टाकीनंतर, पार्किंगच्या आधी.

राऊत म्हणाले, तगर.
तगर म्हणजे वादच नाही.
बारा महिने पानं, बारा महिने फुलं,
गाय तोंड लावत नाही, शेळी बघत नाही
(मुलुंडात शेळी कुठली? पण राऊत केळव्याचे,
त्यांच्या बोलण्यात अजून गुरं येतात).
देवाला चालते. मिठागराकडून येणारी खारट हवा
तिच्या पानांवरून घसरून जाते.

मी म्हणाले, मे फ्लॉवर.
जेनोव्हेव्हाबाईंनी दिलेला कांदा,
वसईला लेकाकडे कायमच्या निघाल्या तेव्हा,
"डिसेंबरात पाणी घालू नको गो," एवढंच सांगून.
दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात,
मग नुसती माती.
एप्रिल सरता सरता
नळाला सकाळीच कोमट पाणी येऊ लागलं
की वर येतो बोटाएवढा ठिपकेदार देठ,
आणि त्यावर एक लाल चेंडू,
सगळा सुयांचा,
प्रत्येक सुईच्या टोकाला पिवळा कण.

"किती दिवस टिकतं?"
"आठ. फार तर नऊ."
"आठ दिवसांसाठी वर्षभर जागा अडवायची?"
खजिनदारबाईंनी वहीतून डोकं न काढता विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही.
सुचलं ते जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

सात विरुद्ध एक. तगर आली.
खड्डा तिलकधारीनं खणला,
माती कमी पडली म्हणून
गच्चीच्या दारातली माझी रिकामी कुंडी
त्यात उपडी केली.
"कांदा होता त्यात!"
"एक सडा हुआ प्याज था, मॅडम,
वो भी डाल दिया. खाद बनेगा."
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
कशाची माफी मागायची, हे त्याला कळेना.

तगर फुलली. रोज फुलली.
मीही तोडत होते पूजेला, परडीभर,
आणि रंग कोणता असं कुणी विचारलं असतं
तर पांढरा म्हणाले असते, आठवून.

मार्चात तिला पांढरी कीड लागली, कापसासारखी.
वादच नाही म्हणणारे राऊत, वय चौऱ्याहत्तर,
स्टुलावर बसून जुन्या टूथब्रशनं
पानांच्या पाठी घासत होते,
साबणाचं पाणी मुलीच्या टिफिनच्या डब्यात.
पान उलटायचं, घासायचं, पुढचं पान.
बारा महिने फुलायचं
म्हणजे बारा महिने कुणीतरी वाकायचं,
हे पत्रिकेत नव्हतं.

मेच्या चार तारखेला त्यांनी बेल वाजवली,
हाताला अजून फेस.
"खाली या. तिच्या बुडाशी काहीतरी आलंय."

आम्ही बघत उभे राहिलो.
रात्री गळलेली तगरीची फुलं
लाल सुयांत अडकली होती, तीनचार,
एक तर भिंगरीसारखं तिरपं.
"शोभतंय," राऊत म्हणाले. मग घाईनं,
"पण आठच दिवस."
"आठच."
नवव्या दिवशीही आम्ही दोघं खाली होतो,
ठरवलं नव्हतं.

सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे:
एका जागेत दोन झाडे, जादा खर्च शून्य.

आता डिसेंबर.
तगरीला पाणी हवं.
कांद्याला थेंबही नको.
मातीवर दोघांमध्ये रेघ नाही.
तिलकधारी पाइप धरून उभा,
अंगठा पाण्याच्या तोंडावर.
"इस तरफ डालो," मी सांगते, "वो बाजू सूखी."
"कितनी सूखी?"

मी खाली बसते
आणि तगरीच्या खोडापासून
वीत मोजून दाखवते.