रकाना नऊ

इमिग्रेशनच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दोन बाथ, फोटोचे साठ,
आणि बसायला प्लास्टिकचं लाल स्टूल, त्याचे पैसे नाहीत.
वीबे त्यावर बसला की गुडघे हनुवटीला येतात.

तिकडे नेदरलँडला तो कालव्यावर कामाला होता.
बोट आली की दार लावायचं,
पाणी सारख्या पातळीवर येईतो थांबायचं,
मग पुढचं दार.
एकतीस वर्षं लोकांना पलीकडे सोडलं, म्हणतो.

थाई बरं बोलतो, फक्त सूर चुकतात,
त्याच्या तोंडी घोड्याचा कुत्रा होतो.
यंदा अडलं ते मात्र घोडंच,
नवव्या रकान्यात.

विम्याची रक्कम, आकड्यात.
तीस लाख बाथ किंवा अधिक.
खाली परदेशी कंपनीची सही, शिक्का.

झ्वोलच्या कंपनीचं पत्र मी तीनदा छापलं.
त्यात आकडा नाही.
त्यात म्हटलंय, आपल्या उपचारांना मर्यादा नाही.
लागेल तितका खर्च.

खिडकीमागच्या कॅप्टन सिरिरत वाईट नाहीत,
उन्हाळ्यात माझ्याकडून बर्फ नेतात.
त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.
म्हणाल्या, "अमर्याद म्हणजे किती?"

आम्ही परत लिहिलं. तो सांगत होता, मी टाइप करत होते :
कृपया एवढंच लिहा, तीस लाखांहून कमी नाही.
सतरा दिवसांनी उत्तर.
आमच्याकडे कमाल रक्कम नसल्याने ती नमूद करता येत नाही.
अन्य सरकारच्या फॉर्मवर आम्ही सही करत नाही.
कळावे, लोभ असावा.

रात्री नवऱ्याला सांगितलं,
तो ठसका लागेपर्यंत हसला.
मी ताट उचललं.
माझ्या आईच्या मोतीबिंदूचे जिल्हा रुग्णालयात
तीस बाथ घेतले होते.
पहाटे चारला रांगेत चपला ठेवून आम्ही नंबर धरला,
चपला आमच्यापेक्षा शिस्तीत उभ्या होत्या.
तीस तिचे, तीस त्याचे,
मध्ये पाच शून्यं.

परत का जात नाही, असं मी त्याला विचारत नाही.
बुआलाय इथल्या देवळाच्या भिंतीत आहे,
फोटोसकट, उजवीकडून सहावा कोनाडा.
ती होती तोवर त्याच्या कागदावर कारण होतं : पत्नी.
आता कारण आहे : निवृत्ती.
तो शब्द छापून हातात दिला
तेव्हा त्याने चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

शेवटी त्याने इथलाच विमा काढला.
वर्षाला एक लाख बारा हजार.
हृदय वगळून, तिथे स्टेंट आहे.
फुप्फुसं वगळून, पूर्वी पाइप ओढायचा.
दोन्ही गुडघे वगळून. पाठ, कंबरेच्या खाली, वगळून.
छापता छापता मी विचारलं,
"मग आजारी पडायचं तरी कशाने?"
"अपेंडिक्सने," तो म्हणाला.
थोड्या वेळाने म्हणाला,
"ते मी तेविसाव्या वर्षीच काढलंय."

पण आकडा होता.
नवव्या रकान्यात तो असा बसला
जणू तिथेच जन्मला.
कॅप्टन सिरिरतनी शिक्का मारला, एकोणीसशे बाथ घेतले,
आणि त्याच्या शर्टाची सुटलेली गुंडी दाखवली.

संध्याकाळी तो दुकान बंद व्हायच्या वेळी आला.
झ्वोलच्या त्या पत्राची एक प्रत माझ्या हातात दिली.
"रात्रीबेरात्री काही झालं तर दवाखान्यात हे दाखव.
ते दुसरं नको."
मी ते खणात ठेवलं, आईच्या कार्डाखाली.
मग आम्ही दोघं नदीकडे पाहत राहिलो.
पलीकडे लाओसचे डोंगर,
मधल्या पाण्याला दार नाही,
ते कुणासाठी पातळी मोजत थांबत नाही.

पुढच्या वर्षी पंचाहत्तर लागेल त्याला, हप्ता वाढेल.
स्टुलाचा एक पाय हलतोय.
बाजारात गेले की बघते,
जरा उंच मिळालं तर.