एलादिओची वही

विगो बंदराच्या कचेरीत एकशे चाळीस लिनक्स संगणक,
सगळ्यांवर तोच जुना ब्राउझर.
सबेला त्याला हलू देत नाही.
पहाटे चारला लिलाव;
हेक माशाचा भाव पडद्यावर थिजला
तर बोटीवरून आलेली माणसं
व्हर्जन नंबर विचारत नाहीत.

तरी भोकं बुजवावीच लागतात.
म्हणून प्रत्येक अपडेट आधी एकाच टेबलावर उतरायचं,
एलादिओच्या, खिडकीपाशी,
जिथे पावत्यांना खवले चिकटलेले.
दोन आठवडे तिथे टिकलं, तर बाकीच्यांना.

त्याला तिने कधी सांगितलं नाही.
टॅब कोसळला की तो वहीत काहीतरी खरडायचा,
उठून कॉफी आणायचा. तिच्यासाठीही.

शुक्रवारी तो निवृत्त झाला.
जाताना वही तिच्या कीबोर्डवर ठेवली.
नऊ वर्षं, तारीखवार:
कोणतं पान, कितवं मिनिट,
किती ट्रॉलर खोळंबले.
शेवटी पेन्सिलीने एकच ओळ:
आता कुणाच्या माथी?

सोमवारी नवी आवृत्ती आली.
चाचणीच्या यादीत त्याचं नाव अजून होतं.
ते खोडायला तिला वेळ लागला.
तिथे स्वतःच्या संगणकाचं नाव घातलं,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसली.