डब्याचं माप

साओ जॉर्ज बेटाच्या उतारावर, समुद्रापासून सहाशे मीटर वर
माझ्या एकोणीस गाई ढगात चरतात.
दिसत नाहीत. गवत तुटल्याचा आवाज तेवढा येतो,
ओला, एकसारखा,
पलीकडे कुणी जुनं लुगडं फाडत बसल्यासारखा.

गोठा नाही आमच्याकडे. धार काढायचं यंत्र
ट्रॅक्टरमागे बांधून मीच जाते त्यांच्यापाशी.
एका वेळी सहाजणी उभ्या राहतात
आणि प्रत्येकीपुढं मी आंबोण ओतते
टुना माशाच्या डब्यानं मोजून.

डबा आईचा. मासे भरायचा कारखाना बंद पडला
त्या संध्याकाळी तिनं तो घरी आणला.
"शेवटचा पगार," म्हणाली, आणि चुलीवर ठेवून दिला.
भरडलेला मका त्यात दोन किलो बसतो,
पेंड मिसळली की जरा कमी.
राखेनं घासला तरी खारा वास जात नाही.
गाईंना त्याचं काही नाही.

डेअरीचा पोरगा येतो, एव्हाल्दो,
कोऱ्या बुटांनी, गवताची उंची पट्टीनं मोजत.
"दोना झुल्मिरा, गवतानं पोट भरतं, चरवी भरत नाही.
व्याल्यावर दोन महिने गाय देते जास्त, खाते कमी.
उरलेलं ती आपल्या पाठीतून काढते."
माहीत आहे, म्हटलं.
तीनदा बाळंत झाले आहे मी.

"पण फार घालू नका," तो म्हणाला,
"डबा वाढला की तोंड गवतावरून उठतं."
हेही खरं. गेल्या वर्षी एक डबा वाढवला
तर सगळ्या सकाळपासून फाटकाशी,
आणि मागं गुडघाभर गवत, कुणी न विचारलेलं.

जानेवारीत जहाज आलं नाही.
मका आमच्याकडे पिकतो थोडा, त्याचा मुरघास नाताळातच संपला.
बाकी सारं बोटीनं येतं, आणि बोट
समोरच्या बेटाआड लाटा मोजत उभी.
पहिले दोन दिवस पाऊण डबा.
मग अर्धा.
मग मी डब्याच्या तळाशी हात फिरवला
आणि बोटांना चिकटलेला कोंडा
पोंबिन्यापुढं धरला. वीस दिवसांची व्यालेली,
पाठीचा कणा एकेक मणी मोजावा असा.
तिनं बोटं चाटली, मनगटही,
आणि पान्हा सोडला.
रागच आला मला तिचा.

त्या रात्री ग्वाल्तेर काही बोलला नाही.
सकाळी अंथरुणात नव्हता.
चार वर्षं गुडघ्याचं निमित्त करून खिडकीत बसलेला माणूस
वरच्या बांधावर कोयता घेऊन
धुपाच्या झाडाचा पाला उतरवत होता,
त्याचा बाप उतरवायचा तसा, जेव्हा बोटी नव्हत्या
आणि कुणी पट्टी घेऊन येत नव्हतं.
भारा पाठीवर घेऊन बसत बसत खाली आला.
हायड्रेंजियाच्या वाळक्या काटक्या त्याच्या केसांत.

पाल्यानं दूध वाढलं नाही, खोटं का बोलू.
पडायचं मात्र थांबलं. आणि दुधाला
चर्चमधला वास येऊ लागला, रविवारचा.
चीजवाल्यानं नाक मुरडलं, दोन दिवस कॅन परत पाठवले.
आम्ही ते प्यालो. डुकरानं प्यालं.
शेजारच्या आदोझिंदाची तान्ही नात प्याली
आणि झोपली, म्हणे, रात्रभर.

बाराव्या दिवशी बोट लागली.
पोती ओली होती, भाव वाढलेला.
मी डबा काठोकाठ भरला,
आणि आई करायची तसा तळहातानं सपाट केला,
वरचे दाणे पोत्यात परत.
पोंबिन्यानं आधी मका संपवला, अर्थातच.
मग तोंड पुसल्यासारखं करून
कालच्या पाल्याकडं वळली.

"उद्या जाऊ का वर?" ग्वाल्तेरनं विचारलं,
गुडघ्याला तेल चोळत, माझ्याकडं न बघता.
आता कशाला, असं तोंडावर आलं होतं.
"जा," म्हटलं. "थोडाच आण."