डावा हातमोजा

वाल्मिएराच्या संध्याशाळेत, गुरुवारी,
मी फळ्यावर कार्बन काढते आणि त्याला चार हात देते.
एका हातात नुसता हायड्रोजन,
बाकी तिघांत तीन निरनिराळी ओझी.
शेजारी एक उभी रेघ, म्हणजे आरसा.
पलीकडे तोच रेणू, आरशातला.
"उचला, फिरवा, उलटा करा,
एकावर दुसरा बसवून दाखवा."
मुलं बटाट्यांत काड्या खोचून बघतात.
बसत नाही.

मागच्या बाकावर इल्ग्वार्स.
लाकूडगिरणीनं त्याचा डावा हात मनगटापासून नेला.
बटाटा गुडघ्यांत धरून तो काड्या खोचतो
आणि सगळ्यांच्या आधी म्हणतो,
"हे आईच्या हातमोज्यांसारखं आहे, बाई."

त्याची आई स्काइद्रीते.
ती अंगठा तळव्याच्या बाजूला घेऊन विणते,
म्हणून डावा तो डावाच, उजवा तो उजवाच.
शेजारची वेल्टा अंगठा अगदी कडेला घेते,
मोजा पुढून तसाच मागून,
घाईत कुठलाही कुठल्याही हातात.
"ही सममिती," मी म्हणाले.
"ज्याच्या पोटातच आरसा आहे
त्याला बाहेरच्या आरशात वेगळं कुणी भेटत नाही."
वेल्टाला हे कळवायला हवं, असं कुणीतरी म्हणालं.
वर्ग हसला.

स्काइद्रीते अजून जोडीच विणते.
दर हिवाळ्याला एक.
उजवा बर्फ खरवडून, कुलपं उघडून झिजतो,
डावा खणात जातो.
अकरा झालेत, इल्ग्वार्स म्हणाला, कोरे करकरीत.
एकदा त्यानं सांगून पाहिलं,
"आई, दोन्ही उजवेच विण."
ती टाके मोजत होती.
मोजणी चुकली, तिनं चार ओळी उसवल्या,
आणि पुन्हा डाव्यालाच बसली.

मी बाटल्या फिरवल्या, दोन, बिनचिठ्ठीच्या.
वजन एक, उकळबिंदू एक.
तराजू डावं-उजवं करत नाही.
नाक करतं:
एकीत पुदिना,
दुसरीत शहाजिरं, काळा पाव, जूनमधल्या सणाचं चीज.
नाकाच्या आतही कुणीतरी
अंगठा तळव्याकडे घेऊन विणलेलं आहे.

मग नेहमीचं वाक्य आलं.
चंबूत दोन्ही तयार होतात, निम्मे-निम्मे,
कारखान्याला हवा असतो एकच,
आणि उरलेला अर्धा…
वीस वर्षं मी इथं 'टाकाऊ' म्हणत आले.
त्या दिवशी खडू मोडला असं दाखवलं
आणि फळा पुसला.

"डाव्याचा उजवा होतच नाही का?"
होतो, म्हटलं. एक बंध तुटावा लागतो.
एक पाहुणा मागच्या दारानं शिरतो,
पुढच्या दारानं दुसरा बाहेर पडतो,
आणि उरलेले तीन हात
वाऱ्यात छत्री उलटावी तसे पालथे होतात.
त्यानं ते लिहून घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी उणे बावीस.
इल्ग्वार्स आला, उजव्या हातात
काहीतरी केसाळ, विस्कटलेलं:
लाल-पांढऱ्या धाग्यांची लोंबती टोकं,
गाठी, नक्षीची फक्त पाठ.
खणातला डावा मोजा
त्यानं आतला बाहेर करून घातला होता.
अंगठा बरोब्बर जागेवर.
सूर्य आत, तळव्यापाशी, कुणाला न दिसणारे.

"ऊब तेवढीच आहे," तो म्हणाला.
मग दातांनी मोजा ओढून काढला,
झटकला,
पुन्हा सुलट करून खिशात ठेवला.
"आईला सांगू नका, बाई."