प्रश्न क्रमांक चार

कार्मार्थनच्या वाचनालयामागे एक खोली आहे.
हीटर खोकतो, खिडकी नीट लागत नाही.
दर बुधवारी तिथे आम्ही प्रश्न दुरुस्त करतो.
म्हणजे ते करतात. मी लिहून घेते.

अकरा वर्षं मी हेच प्रश्न विचारले
घाबरून फोन कानाला लावलेल्या माणसांना,
पडद्यावर दिसतील तसे, शब्दही न बदलता.
उत्तरं रंगांत यायची.
लाल म्हणजे गाडी आत्ता. हिरवं म्हणजे रांग.

टेगविन बस चालवायचा.
"दुखतंय का, विचारलंत. मी नाही म्हणालो.
दुखत नव्हतंच. कुणीतरी अख्खं वासरू
छातीवर बसवून निघून गेल्यासारखं होतं.
वासराबद्दल कोणी विचारलंच नाही."
सगळे हसले. त्याने हसू दिलं.
मी 'दुखतंय का' खोडलं. वर लिहिलं: काय होतंय?
आणि कंसात, माझ्यासाठी: ऐक.

मार्गेडला झटके येतात. ती एकटी राहते.
पेन्सिल आपटून म्हणाली,
"रुग्ण शुद्धीवर आहे का?
अहो, फोन मीच केलाय!"

मग आयर्लिस. चहा निवून साय धरलेली.
तो श्वास घेतोय का?
"मी हो म्हणाले.
इडवल फरशीवर, तोंड उघडं,
मधूनच एक आवाज. थंडीत गाडी
सुरू व्हायला नाही म्हणते ना, तसा.
आवाज आहे म्हणजे श्वास आहे.
मला काय ठाऊक, ती घरघर होती?
खोटं नाही बोलले मी.
तुमच्या प्रश्नाला तेच उत्तर होतं."

तिने विजेच्या बिलामागे नवा प्रश्न लिहून आणला होता.
चष्मा सापडेना, म्हणून कागद माझ्याकडे आला.
मी वाचला:

त्याच्या पोटावर हात ठेवा.
हात वर आला की 'आता' म्हणा.
मी इथे मोजते आहे.

दुसऱ्याच ओळीला तिने मान वर केली.
"फोनवर तुम्ही होतात."
विचारत नव्हती ती.

मला तिची रात्र आठवेना.
त्या थंडीत किती हिरवे, किती फरशा.
हे तिला सांगायचं नव्हतं. सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली. "मला तुमची आठवते.
फार भरभर बोलत होतात.
परत वाचा. सावकाश."

मी परत वाचलं.
टेगविनने बिस्किटांचा पुडा चुरगाळायचा थांबवला.
आयर्लिसने स्वतःच्याच स्वेटरवर हात ठेवला,
डोळे मिटले.
"आता."

बराच वेळ काहीच नाही.
हीटर. बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावतंय.

"आता."

मी मोजत होते.