तारण

पतसंस्थेच्या अर्जात नऊ नंबरचा रकाना: तारण.
सुगंधा चोगले त्याच्यावर बोट ठेवून बसली होती,
नखात मीठ सुकलेलं, पांढरं.
"इथं काय लिवायचं, मॅडम?"

घर सासऱ्याच्या नावावर.
होडी अजून दुसऱ्या बँकेची.
आणि हर्णैच्या ज्या वाळूवर ती वीस वर्षं बोंबील पसरते
ती वाळू सरकारची, की भरतीची,
ते कुणी ठरवलेलं नाही.

सात बायकांना हवं होतं उन्हावर चालणारं वाळवणीघर:
पारदर्शक छप्पर, आत जाळीच्या मांडण्या,
दोन पंखे, आणि त्यांच्यापुरती एक सौर पाटी.
दापोलीहून कोटेशन, चार लाख ऐंशी हजार.
खाली बारीक अक्षरात: वाहतूक वेगळी.

मी विचारलं, परतावा?
तशी लतिफा मुरुडकरनं पिशवीतून शाळेची वही काढली.
तीन हंगामांची.
मिळकत नव्हती त्यात, नासाडी होती.

अकरा ऑक्टोबर, आभाळ. चार टोपल्या गेल्या.
बारा ऑक्टोबर, पाऊस. सगळं गेलं.
तीन नोव्हेंबर, कुत्री.
नऊ नोव्हेंबर, माल वाळूनं कचकचतो म्हणून
व्यापाऱ्यानं किलोमागं चाळीस कापले.
सतरा नोव्हेंबर, काही नाही. चांगलं ऊन.

पानाच्या तळाशी बेरीज, लाल पेनानं दोनदा तपासलेली.
पंधरा वर्षं ताळेबंद वाचते मी.
इतका सरळ लिहिलेला तोटा
कुठल्या कंपनीचा पाहिला नव्हता.

मागच्या शिमग्यात पुण्याहून एकजण आला होता,
हरित निधीचा.
त्याच्या पत्रकावर दोन तळहात, तळहातांत रोप,
रोपाखालची माती धुऊन ठेवल्यासारखी.
कल्पना उत्तम, म्हणाला,
पण सातच जणी? सातशे असत्या तर बघता आलं असतं.
आणि पाच वर्षांनी आमची एक्झिट कशी?
सुगंधानं खरंच मान वळवून पाहिलं.
"पुढं दर्या, मागं डोंगर. एक्झिट कुठनं काढणार?"
तो हसला, वहीत टिपून घेतलं,
ताजा हलवा बर्फात बांधून नेला. फोन आला नाही.

आमच्या धंद्यातले शब्द बंदरावर जपून वापरावे लागतात.
बुडीत म्हटलं की समोरची बाई
आधी पाण्याकडं बघते.

समितीत अध्यक्ष म्हणाले, ऊन गहाण ठेवणार का त्या?
सगळे हसले. चहा आला.
मी वही फिरवली टेबलावरून.
काजूवाले बेर्डे दुसऱ्या पानावर थांबले,
चष्मा काढला, पुसला,
पुन्हा बारा ऑक्टोबरपासून वाचू लागले.

अडीच लाख मंजूर.
छप्पर अर्ध्या लांबीचं झालं, पंखा एकच.
नवव्या रकान्यात मी लिहिलं:
वही, एक. पृष्ठे ब्याण्णव.
लेखापरीक्षकानं त्याभोवती गोल काढलाय,
अजून उत्तर मागतोय.

यंदाही ऑक्टोबरात आभाळ भरलं.
मी स्कूटी घेऊन गेले बघायला, रेनकोट न घालताच.
आत पंखा रडतखडत फिरत होता,
बोंबील अर्धेच सुकलेले,
वास असा की डोळ्यांत पाणी.
पण आत होते सगळे, टांगलेले, ओळीनं.
लतिफानं एक सुकलेला मोडून दिला.
चावला. दाताखाली वाळू आली नाही.
मी तसं बोलले नाही काही,
कर्ज देणाऱ्यानं लगेच खूश दिसू नये.

पहिला हप्ता सात तारखेला आला,
दहा-दहाच्या नोटा जास्त.
मोजणीच्या यंत्रानं दोनदा बाहेर फेकल्या,
दमट म्हणून.
कॅशियर नाकाला रुमाल लावून उभा.

सरक, म्हटलं त्याला,
आणि हातानं मोजायला बसले.